सारजेची भिंत

नदीकाठच्या एका गावात सारजा नावाची एक कुंभारीण राहत होती. तिचा नवरा केरबा चाकावर मडकं घडवी आणि सारजा लाकडी थापीने थापटून त्याला गोलाई देई. तिच्या हातचा माठ कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही.

एका हिवाळ्यात सारजेचं उजवं अंग लुळं पडलं. पाय हळूहळू सावरला, हात मात्र उठेना. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, "औषध मी देतो. पण रोज सकाळी ओल्या मातीचा गोळा या हातात धरून दाबायचा. जमेल तेवढा, पण रोज. मध्येच सोडलंस तर बोटं आखडतील. मग माझ्याच्याने काही व्हायचं नाही."

सारजेला स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. सुरुवातीला तिला फार हुरूप असे, पुढे कंटाळा येई. म्हणून तिने एक युक्ती केली. दाबलेला गोळा ती रोज रस्त्याकडच्या भिंतीवर ठेवू लागली. नदीवर जाणाऱ्या बायांना तिने सांगून टाकलं, "ज्या दिवशी नवा गोळा दिसणार नाही, त्या दिवशी मला हाक मारा."

बाया हाक मारायच्या. शेजारची अंबूवहिनी तर भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काय गं सारजे, गावातली माती संपली का?" मग सारजा अंथरुणातून उठायची.

पहिले कित्येक गोळे गुळगुळीतच राहिले. मग एका गोळ्यावर नखाएवढी खूण दिसली. सारजा हरखली. पण गाडी तिथेच अडली. रोज तेवढीच खूण. बाया बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. त्यांचं ते न बोलणं सारजेला सोसेना. एका सकाळी तिने गोळा डाव्या हातात घेतला आणि करकचून दाबला. पाचही बोटं खोल उमटली.

त्या दिवशी भिंतीपाशी गर्दी झाली. "देव पावला गं बाई," अंबूवहिनी म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले.

केरबाही आला. त्याने गोळा उचलून निरखला. ज्याचा जन्म मातीत गेला, त्याला डाव्या हाताचा ठसा वेगळा ओळखू येतो. गोळा हलकेच जागेवर ठेवून तो चाकाकडे गेला.

सारजा दिवसभर एकच विचार करत राहिली. उद्या काय ठेवायचं? खरा गोळा ठेवला तर आजचं खोटं उघडं पडणार. खोटा ठेवला तर उद्याही डावाच हात दाबणार, परवाही तोच. आणि उजवा तसाच मरून जाणार.

सकाळी बाया आल्या तेव्हा ती भिंतीपाशी उभी होती. हातातल्या गोळ्यावर नखाएवढीच खूण होती.

"वहिनी, कालचा गोळा डाव्या हाताचा होता," ती म्हणाली. "खरा हा आहे."

अंबूवहिनी म्हणाली, "म्हणजे मी डोळे फुकटच पुसले. बरं, उद्याचा दाखव."

सारजेने तो खोटा गोळा पाण्यात विरघळवला. त्याची जागा मात्र तिने रिकामीच ठेवली.

ऋतू पालटला. ऐन उन्हाळ्यात वैद्यबुवा गावात आले आणि भिंतीपाशीच थबकले. या टोकाला नुसते गुळगुळीत गोळे. पुढे एक खूण, मग एक बोट, मग दोन. आणि त्या टोकाला तळव्याच्या रेषांसकट अख्खी मूठ. जणू मातीच्या पोटातून एक हात हळूहळू वर येत होता.

वैद्यबुवांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे खंड पडला का?"

"खंड नाही, बुवा. तिथे मी स्वतःला फसवलं होतं."

वैद्यबुवांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि देवळात फिरावं तसे ते पहिल्या गोळ्यापासून पुन्हा चालू लागले.

सारजा मात्र थांबली नाही. आत ओला माठ सुकत चालला होता. तिने उजव्या हातात थापी घेतली.

तात्पर्य: आपला नेम चार लोकांसमोर मांडला की आळसाला लाज वाटते, पण त्या नेमाचा जाब शेवटी आपणच आपल्याला द्यायचा असतो, आणि तो खरा द्यावा.