पाणथळीचा ठराव

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते. तिथे प्राण्यांची पंचायत चाले आणि त्या पंचायतीत एक साळू पंच होती. दरवर्षी प्रत्येक बिळामागे पाच कंद 'बिळपट्टी' म्हणून कोठारात जमा होत. उन्हाळ्यात तेच कंद सर्वांच्या उपयोगी पडत. पण त्या वर्षी साळूला तीन पिल्ले झाली होती. पट्टीचे कंद वेगळे काढताना तिचा जीव तीळतीळ तुटे.

एके दिवशी सरपंच कोल्ह्याने ठराव मांडला, "खालची पाणथळ नुसती पडून आहे. पलीकडच्या रानातल्या तरसांना ती घरांसाठी देऊ. पट्टी ते भरतील, तुमची सगळ्यांची माफ!"

म्हातारे कासव म्हणाले, "बाबांनो, ती जागा पडीक नाही. डोंगराचे पाणी तिथे थांबते, मुरते. म्हणून आपला झरा वैशाखातही वाहतो."

साळूला ते पटले. पण बाकीच्या पंचांची मते समसमान पडली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पिल्ले आली. तिने ठरावाच्या बाजूने पंजा वर केला.

तरसांनी लव्हाळे उपटले, माती लोटून पाणथळ बुजवली. कासव रान सोडून निघून गेले. पट्टी खरोखरच माफ झाली आणि साळूची पिल्ले काही महिने पोटभर जेवली. तरस मात्र "देऊ, देऊ" म्हणत राहिले. पुढच्या पावसाळ्यात पडलेले पाणी न थांबता वाहून गेले. चैत्रातच झरा आटला. कोठार उघडले, तर आत एकही कंद नव्हता. तरसांनी दुसरे रान गाठले. पाण्याच्या शोधात भटकताना साळूचे धाकटे पिल्लू वाटेतच गेले.

"पाऊसच कमी झाला, त्याला कोण काय करणार?" कोल्हा पंचायतीत म्हणाला.

"पाऊस कमी-जास्त व्हायचाच," साळू म्हणाली. "कासव खरे बोलत होते, हे मला त्याच दिवशी कळत होते. कळूनही मी पंजा वर केला."

मग ती एकटीच खाली गेली आणि बुजवलेली माती उकरू लागली. हळूहळू इतरही आले. पाणथळ पुन्हा भरली, पण झरा वाहता व्हायला चार वर्षे लागली. तोवर रानातली निम्मी बिळे ओस पडली होती.

तात्पर्य : आजच्या सवलतीसाठी सर्वांची जागा देऊन टाकणारा उद्याचे पाणी देऊन टाकतो, आणि खरे काय ते कळूनही उलट मत देणाऱ्याचा दोष न कळणाऱ्याहून मोठा असतो.