इन्व्हरकेलनचा तांबडा दगड आणि डावा बूट

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशपथ. आता आई तिकडे सांगलीत आणि शपथ इथं स्कॉटलंडात, तेव्हा ती कितपत लागू पडते ते मला सांगता येणार नाही. शिवाय मी ती माझ्या सीनियरकडून ऐकली, त्यानं त्याच्या सीनियरकडून. पण दगड तर समोर आहे. तो कशाला खोटं बोलेल.

हा बघ. कमरेइतका उंच, एका अंगानं तांबडा. वर टेकडीवर विद्यापीठाचा जुना हॉल, खाली तळ्याकाठी नवा, आणि मधे हे मेंढरांचं रान. परीक्षेच्या दिवशी सकाळी इथं रांग लागते. स्कॉटिश पोरं, चिनी पोरं, नायजेरियाचा तो साडेसहा फुटी पीएचडीवाला, सगळे डावा बूट काढतात, उजवा तसाच ठेवतात, दगडाला हात लावतात आणि उताराला पळत सुटतात. चालत गेलं तर फळ मिळत नाही म्हणे. असं का, ते यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. म्हणून सांगतो.

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे २०११ साली, संगमनेरची शलाका दातीर इथं एम.एस्सी.ला आली. मुलगी हुशार, पण संख्याशास्त्राला घाबरायची. ऑक्टोबरच्या चाचणीत तिला शंभरात एकोणीस मिळाले. सर भले गृहस्थ होते. त्यांनी तिला चहा दिला, बिस्किट दिलं आणि सांगितलं, डिसेंबरच्या पेपरात पन्नास पडले नाहीत तर घरी जावं लागेल.

आता घरी जायला हरकत नव्हती. पण घरी फ्लेक्स लागला होता. 'कु. शलाका रंगनाथ दातीर ह्या स्कॉटलंड येथून एम.एस्सी. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यातल्या सात जणांना तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. ती विमानात बसली त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी, आप्पांनी तो लावून टाकला, कारण चौकातली जागा तेव्हा रिकामी होती असं सांगतात.

"आप्पा, उतरवा ना तो," ती फोनवर म्हणाली. "माझा पेपर राहिलाय अजून."

"उतरवला तर लोक विचारतील का उतरवला," आप्पा म्हणाले. "त्यापेक्षा तू पास हो. ते सोपं पडेल."

तर पेपरचा दिवस उजाडला. उजाडला असं म्हणायचं, एरवी डिसेंबरात इथं सकाळी नऊपर्यंत उजाडतं कुठं. शलाका जुन्या हॉलची टेकडी चढत होती. हातपाय गार, सूत्रं पाठ केलेली आणि त्यांचा क्रम विसरलेला. अर्ध्या वाटेवर तिला हा दगड दिसला. दगडाला तांबडा रंग होता. ओला, ताजा, बोटांनी थापल्यासारखा.

दुसरं कुणी असतं तर रंग सांडलाय म्हणून पुढं गेलं असतं. पण आपल्या माणसाला रानात एकटा दगड आणि त्यावर तांबडं दिसलं की आधी हात जोडले जातात, विचार नंतर. तिला वाटलं शेंदूर आहे. कुणीतरी आपलं माणूस आधी येऊन गेलंय आणि जाताना सोय करून गेलंय. तिला रडूच आलं म्हणे.

देवापुढं बूट घालून कसं उभं राहायचं? ती वाकली, डावा बूट काढला. उजव्याची गाठ थंडीनं बसली होती, ती सुटेना. वेळ कमी, म्हणून तिनं गाठ सोडवता सोडवताच नवस बोलून टाकला. "देवा, तू कोण मला माहीत नाही. इथं कसा आलास तेही विचारत नाही. पन्नास मार्क दे. नारळ फोडीन."

आणि देवाच्या मागून मेंढा आला.

साधासुधा नव्हे. वळलेली शिंगं, वासराएवढं धूड आणि छातीवर तोच तांबडा रंग. तो वरच्या अंगानं आला, त्यामुळे शलाकाला जुन्या हॉलकडे जाता येईना. पळायला उतार तेवढा उरला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, अशी ती चिखलातून खाली सुटली. मेंढा मागं. कुंपण आलं, तिनं ते कसं ओलांडलं ते तिलाही पुढं कधी आठवलं नाही. समोर एक दार होतं, ती आत शिरली आणि दार लावून घेतलं.

आत दीडशे पोरं बाकांवर बसली होती. तिच्याच वर्गातली.

झालं होतं असं की जुन्या हॉलचं छप्पर गळायला लागलं म्हणून पेपर खालच्या हॉलमध्ये हलवला होता. बारा दिवसांपूर्वी तशी मेलही आली होती, विद्यापीठाच्या पत्त्यावर. आणि विद्यापीठाची मेल शलाका उघडत नसे, कारण तिच्यात रोज कुणाची तरी हरवलेली छत्री असायची. मेंढा आला नसता तर ती वर रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिली असती, आणि तिकडे फ्लेक्स फडफडत राहिला असता.

दाराशी पर्यवेक्षक म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं.

"एक बूट चालेल," त्या म्हणाल्या. "पेन आहे ना?"

पेन होतं. आणि असं सांगतात की मेंढा मागं लागून गेलेल्या माणसाला संख्याशास्त्राची भीती उरत नाही. तिला धाप लागली होती, घाबरायला वेगळा श्वासच नव्हता. तिनं सगळे प्रश्न सोडवले.

निकाल लागला. एक्कावन्न. शलाका होस्टेलच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. कुकरची वाफ जावी तसं दोन महिन्यांचं सगळं अंगातून निघून गेलं. मग तिनं फोन लावला.

"झाले पास."

 तिकडून आप्पांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं," ते म्हणाले. "परवा वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा सुटलाय. आता पक्का बांधून घेतो."

नवस होता. पुढच्या शनिवारी तिनं ग्लासगोला जाऊन नारळ आणला आणि दगडावर फोडला. आवाज ऐकून रानाचा मालक आला, डंकन मॅकिनिस. त्याच्या हातात तिचा डावा बूट होता.

"पोरी, हा तुझा का? आठ दिवस दगडावर ठेवला होता. येणारे-जाणारे बघून जायचे. आणि हे तू काय फोडलंस?"

तिनं सगळं सांगितलं. डंकननं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो रंग मी लावतो, मेंढ्याच्या छातीला. कुठल्या मेंढीशी त्याची भेट झाली ते तिच्या पाठीवरून कळतं. आणि खाज सुटली की तो या दगडाला घासतो. बाकी काही नाही."

शलाकानं जरा विचार केला. "नवस बोलला तो बोलला," ती म्हणाली. "कुणाला बोलला याची चौकशी नंतर करायची नसते." आणि तिनं खोबऱ्याचा तुकडा डंकनच्या मागोमाग आलेल्या मेंढ्यापुढं धरला. मेंढ्यानं तो खाल्ला. म्हणजे पोचला.

डंकन निघाला नाही. टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला.

"मोरॅग, माझी बायको," तो म्हणाला, "शुक्रवारी गाडीची परीक्षा देतेय. सहाव्यांदा."

शलाकानं त्याच्या हातातून आपला बूट घेतला.

"कुठला बूट म्हणालीस?"

मोरॅग शुक्रवारी पास झाली. सोमवारी सगळ्या गावाला कळलं. त्याच्या पुढच्या परीक्षेला या दगडापाशी चाळीस पोरं होती.

आजही डंकन दर शरदात मेंढ्याच्या छातीला रंग लावतो, मेंढा येऊन दगडाला घासतो, आणि विद्यापीठ दरवर्षी इथं पाटी लावतं की काढलेल्या बुटांची जबाबदारी आमची नाही. पाटी लावणारा माणूसही जाताना हात लावून जातो, मी पाहिलाय.

एवढंच, की जाताना शलाकानं शब्द दिला होता, दर डिसेंबरात नारळ येईल. ती गेली, शब्द राहिला. तेव्हापासून आपल्यातला जो सगळ्यात शेवटी इथं येतो, नारळ त्याच्याकडे. यंदा तू आलास. ग्लासगोची बस पावणेदहाला आहे, तिकीट तुझं तू काढायचं. शेंडीवाला बघून आण, आणि दोन आण. डंकननं गेल्या वर्षी आणखी एक मेंढा घेतलाय, आणि त्याला अजून कुणी काही दिलेलं नाही.