न टेकलेला भाला

पूर्वी हरितपुरात रणंजय राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या सैन्यात भालाईत होते. धृतिसेन हे त्यांचं नाव. अठरा लढाया जिंकलेला हा माणूस नुसता उभा राहिला, तरी शत्रूची छाती धडधडायची.

एकदा शेजारच्या शैलनगरच्या पुष्पकेतू राजाशी युद्ध जुंपलं. कारण काय म्हणाल, तर एका लग्नाच्या वरातीत हत्ती कुणाचा पुढे! खरंच, एवढंच. दोन्ही राजे हट्टाला पेटले आणि हजारो माणसं शस्त्रं घेऊन माळावर उभी राहिली.

त्या मुलखात युद्धाची एक रीत होती. दोन्ही बाजूंनी मिळून निवडलेल्या सर्वांत शूर अशा एकाच वीराने रणभाला घेऊन मधोमध जायचं आणि तो जमिनीवर टेकवायचा. तो टेकेपर्यंत कुणी बाण सोडायचा नाही. मध्येच त्या वीराखेरीज ज्या बाजूच्या कुणाचा हात भाल्याला लागेल, ती बाजू हरली. सगळ्यांनी बोधिसत्त्वांचंच नाव घेतलं.

ते मध्यावर पोचले. समोर पाहिलं, तर भाचे आणि जावई. मागे पाहिलं, तर भाऊ आणि व्याही. भाला टेकला, की यातले कितीतरी सूर्यास्ताआधी मेलेले असतील. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर उचलला आणि तसेच उभे राहिले.

"अहो, टेकवा की!" सैनिक ओरडू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "धृतिसेन भ्याला!" स्वतःबद्दल हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला. तो फार लागला. डोळे भरून आले, पण हात खाली आले नाहीत.

रणंजय रथातून उतरून धावत आला. "धृतिसेना, माझी अब्रू घालवतोस? किती वेळ धरशील?"

"महाराज, हे हात दुखतायत, तोवर सगळे जिवंत आहेत."

ऊन चढलं. त्यांचे दंड थरथरू लागले. उभं राहून कंटाळलेले दोन्हीकडचे सैनिक कडेच्या आमराईत शिरले आणि शिदोऱ्या सुटल्या. "काय पाहुणे, तुम्हीपण आलात होय?" असं म्हणत सासऱ्याने जावयाला घास दिला.

दुपार कलली, तेव्हा शैलनगरचा एक म्हातारा धनुर्धारी पुढे आला. त्याने आपलं धनुष्य बोधिसत्त्वांच्या पायाशी ठेवलं. "आज मी शूर माणूस पाहिला!" तो म्हणाला. त्याच्यामागून एकेक जण आला आणि शस्त्रांचा ढीग लागला.

राजांनी मागे वळून पाहिलं, तर लढायला कुणीच नव्हतं. ते दोघे खाली मान घालून आले आणि दोघांनी एकदमच भाल्याला हात लावला. त्यामुळे कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. भाला काही टेकला नाही. दोन राजांनी मात्र हात टेकले.

मग काय विचारता! जयजयकाराने माळ दणाणून गेला. वरातीतले दोन्ही हत्ती जोडीने निघाले आणि त्यांच्यापुढे बोधिसत्त्व पायी चालले.

कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोरच्या दोन भिक्षूंकडे पाहिलं. पुढचं आसन कुणाचं, यावरून ते सकाळपासून भांडत होते. "तेव्हाचे दोन राजे म्हणजे तुम्ही दोघे," शास्ते म्हणाले. ते दोघे गुपचूप उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "तो म्हातारा धनुर्धारी आज आपल्या विहाराचं दार राखतो आणि भालाईत मीच होतो. भाला वर धरून ठेवण्याच्या त्या बळाला वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्नाची पराकाष्ठा, म्हणतात."