माळ्यावरची जागा

फार जुनी गोष्ट आहे. एका तळ्याच्या काठाला एक घर होतं, इतकं काठाला की पावसाळ्यात बेडूक न विचारता ओसरीवर येऊन बसत. घरात माणसं तीन. तळ्यात शिंगाडे लावून पोट भरणारा एक माणूस, त्याची बायको आणि त्याचा म्हातारा बाप. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

बायको मोठी कामसू, आणि तेवढीच घाबरट. तिच्या लग्नाच्या वर्षी तळं घरात शिरलं होतं. माणसं वाचली, पण तिचं रुखवत, माहेरची लुगडी, भरलेली कणगी, सगळं पाण्यानं नेलं. राहिलं ते एक तांब्याचं घंगाळ. तेही तिनं चिखलात हात घालून उकरून काढलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. पूर येतो तो सामान न्यायला येतो, असं तिनं धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी श्रावणातच तळं तुडुंब भरलं. सकाळी पाणी धुण्याच्या दगडाला लागलं होतं. दुपारी पाहिलं तर दगडच दिसेना. बायको सारखी दाराशी जाई, पाणी बघे आणि परत येई. तिची भाकरी तव्यावर करपली. शेवटी ती पदर खोचून उठली आणि तिनं माळ्याला शिडी लावली.

नवरा खालून सामान देऊ लागला, ती वर रचू लागली. आधी धान्याची पोती चढली, मग हंडे आणि कळश्या. म्हातारा खाटेवर बसून बघत होता. त्याच्या मागच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग वर चालली होती.

"सूनबाई, या मुंग्या बघितल्यास का?" तो म्हणाला. "दाणे खालीच टाकून अंडी तेवढी घेऊन निघाल्यात."

"मुंग्यांचं काय जातंय, मामंजी. त्यांना का पुन्हा संसार उभा करायचाय?"

"तेही खरंच. पण मी कुठं बसू?"

"तुमचं बघू. पुष्कळ जागा आहे अजून."

मग लोणच्याच्या बरण्या चढल्या, गोधड्या चढल्या, मासे धरायची जाळी चढली. पाटा चढला, त्याच्या मागून वरवंटा चढला. कधीतरी लागेल म्हणून बूड गेलेली एक घागरसुद्धा वर गेली. सगळ्यात शेवटी घंगाळ, आणि ते तिनं अगदी कडेला, हाताशी ठेवलं.

"सूनबाई, मी कुठं बसू?" म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं.

"मामंजी, पाणी काही माळ्यापर्यंत यायचं नाही."

"मग पाटा कशाला चढवलास?"

सून पदर झटकत शिडीवरून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी पाणी अंगणात आलं. गावातली माणसं पोरंबाळं, शेळ्या आणि एकेक गोधडी घेऊन देवळाच्या टेकडीकडे निघाली. जाता जाता शेजारीण हाक मारून म्हणाली, "चला की, वाट अजून मोकळी आहे."

नवरा म्हणाला, "आबांना मी पाठीवर घेतो. चल तू."

बायकोनं वर माळ्याकडे पाहिलं. तिचा पाय निघेना. "आणि हे सगळं? याला कोण राखणार?" ती म्हणाली. "थोडं थांबू या. उतरेल पाणी."

नवऱ्यानंही वर पाहिलं. आदल्या दिवशी त्यानंच तर सगळं उचलून दिलं होतं. तो खाटेच्या कडेला टेकला. घात झाला तो इथंच. शेजारणीची पाठ दिसेनाशी झाली, आणि बाहेर पाऊस वाढतच गेला.

संध्याकाळच्या आत तळ्याचा बांध फुटला. आधी लांबून घरघर ऐकू आली, मग दार आपोआप उघडलं आणि पाणी घरात शिरलं. बघता बघता खाट तरंगू लागली. टेकडीची वाट आता पाण्याखाली होती. नवऱ्यानं बापाला पाठीवर घेतलं आणि तो शिडीशी आला.

"तू चढ आधी. आबांना वर ओढून घे."

बायको भराभरा वर गेली आणि थबकली. तिथं मांजरालाही अंग चोरून बसायला जागा नव्हती. ती स्वतः घंगाळाला धरून एका पायावर कशीबशी उभी राहिली.

म्हाताऱ्यानं मान वर करून पाहिलं. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. "राहू दे," तो मुलाला म्हणाला. "तू चढ. माझं काय, पिकलं पान." बोलताना तो हसला, पण शिडीवरचा हात त्यानं सोडला नव्हता, आणि ते सुनेला दिसलं.

तिनं बूड गेलेली घागर उचलून खाली टाकली. मग बरण्या टाकल्या, हंडे टाकले, पोती ढकलली, गोधड्या टाकल्या. पण ते सगळं पडलं कुठं, तर शिडीच्या पायाशी. भिजून जड झालेल्या गोधड्या नवऱ्याच्या पायांत गुंतल्या. पोती शिडीला आडवी लागली. पाणी त्याच्या छातीला आलं तरी त्याला शिडीवर पाय ठेवता येईना.

"अगं, पलीकडे टाक," तो ओरडला. "वाट बुजवतेस तू आमची."

तिनं उरलेलं सामान पलीकडच्या बाजूला ढकललं. नवऱ्यानं खांद्यानं पोती सारली आणि बापाला वर उचललं. आता माणूस ओढून घ्यायचा तर माळ्याची कड मोकळी हवी होती, आणि कडेला घंगाळ होतं. माहेरची तेवढीच एक खूण उरली होती. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं पायानं ते ढकलून दिलं, गुडघे टेकले आणि सासऱ्याचे दोन्ही हात धरून त्याला वर घेतलं. मागून नवरा आला. तिघांच्या भारानं माळ्याची तुळई करकरली, तेव्हा पाटा आणि वरवंटाही पाण्यात गेले. मग कुठं तुळई करकरायची थांबली.

उजाडल्यावर गावातले लोक होडी घेऊन आले. टेकडीवर गेलेल्या प्रत्येकाच्या अंगावर निदान एक गोधडी होती. या तिघांच्या अंगावर तीही नव्हती. पाणी ओसरल्यावर सुनेनं चिखलात पुष्कळ शोधलं, पण घंगाळ काही सापडलं नाही.

पुढच्या वर्षी आभाळ भरून येऊ लागलं तशी तिनं पुन्हा माळ्याला शिडी लावली. नवरा सवयीनं पोतं उचलायला गेला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "आधी मामंजींना वर आणा."

सासरा वर आला. तिनं त्याला पाय पसरून ऐसपैस बसायला लावलं आणि त्याच्याभोवती चुन्याची रेघ ओढली. मग नवऱ्याला बसवलं, मग स्वतः बसली, आणि दोघांभोवतीही रेघा ओढल्या. मग शेजारी आणखी एक चौकोन काढला.

"हा कुणाचा?" नवऱ्यानं विचारलं.

"पाण्यात अडकून जो हाक मारील त्याचा."

राहिलेल्या कोपऱ्यात एक पोतं आणि दोन बरण्या मावल्या. पाणी धुण्याच्या दगडाला लागलं की मागं न बघता टेकडीची वाट धरायची, माळा फक्त वाट बंद झाली तर, हेही तिनंच ठरवून टाकलं.

म्हातारा आपल्या रेघेत आरामात टेकून बसला होता. "सूनबाई," त्यानं विचारलं, "यंदा पाटा कुठं बसणार?"

"पाटा खालीच राहील, मामंजी," सून म्हणाली. "तो पुन्हा घडवून आणता येतो."

तात्पर्य: संकटाच्या आधी माणूस कुठं बसेल ते बघावं, भांडं कुठं बसेल ते त्याच्यानंतर.