अर्जंटची लाल चिठ्ठी

पंचायत समितीत पतंगेसाहेब बदलून आले आणि कचेरीतली प्रत्येक फाईल अर्जंट झाली. पडदे धुवायला टाकायच्या अर्जालासुद्धा साहेब कडेला 'अर्जंट' छापलेली लाल चिठ्ठी डकवत.

एके दिवशी हेडक्लार्क कुंदाबाई तांडेलांनी शाळेच्या गळक्या छपराच्या फाईलवरची चिठ्ठी टर्रकन फाडली, आणि नेमकं साहेबांनी ते पाहिलं. सगळ्यांसमोर ते कडाडले, "अर्जंटचा अर्थ तरी कळतो का तुम्हाला? आजच मेमो देतो!"

कुंदाबाईंनी ती फाईल साहेबांच्या टेबलावरच्या साठ फायलींच्या गठ्ठ्यात मधोमध खुपसली. "मेमो जरूर द्या, साहेब. आधी छपराची फाईल तेवढी काढून दाखवा."

लाल चिठ्ठ्यांच्या त्या गर्दीतून साहेबांनी बिनचिठ्ठीची एकमेव फाईल झटक्यात ओढली. "ही काय!"

"चिठ्ठी होती तेव्हा तीन आठवडे सापडत नव्हती हो. आता हातात आलीच आहे तर सही करून टाका. पोरं भिजतायत."

साहेबांनी सही केली. संध्याकाळी परिपत्रक निघालं, 'अर्जंटच्या चिठ्ठ्या यापुढे जपून वापराव्यात.'

परिपत्रकाच्या कडेला लाल चिठ्ठी होती.