रुमानाच्या अबाया

चिपळूणच्या शादीहॉलमध्ये रुमाना परकारने स्वतः शिवलेल्या अबायांचं प्रदर्शन मांडलं होतं. अंगावरही तिने आपलाच नमुना चढवला होता. मोरपिशी अबाया, बाह्यांवर नाजूक कशिदा आणि वर जुळता हिजाब. बायकांची झुंबड उडाली होती, तेवढ्यात हॉलचे अध्यक्ष हमदुलेचाचा जरीची शेरवानी सावरत, अत्तराचा घमघमाट सोडत आत आले.

"ही कसली थेरं? बंद कर हे दुकान!" ते गरजले.

उन्हाळाभर रुमाना मशीनवर वाकली होती. पण आवाज गोड ठेवून तिने विचारलं, "चाचा, माझे केस दिसतात?"

"नाही."

"गळा, दंड?"

"नाही."

"कापड तंग आहे?"

"नाही गं!"

"मग दिसतंय तरी काय?"

चाचांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी ओरडले, "हौस! हौस दिसतेय तुझी!"

"हौस झाकेल असं कापड अजून बाजारात आलं नाही, चाचा," रुमाना म्हणाली. "आलं की पहिला तागा तुमच्या शेरवानीसाठी पाठवते."

सगळ्यात आधी खो खो हसल्या त्या हमदुलेचाची. नवऱ्याला कोपराने बाजूला सारत त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "जांभळ्या रंगात माझं माप आहे का गं?"