कोल्ह्याने तापवून ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर

शके एकोणीसशे नऊचा माघ महिना होता आणि थंडी कडाक्याची होती. साळिंदराला गिटारवर दणदणीत मेटल संगीत वाजवायचं होतं, तालमीला आणि रेकॉर्डिंगलाही. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला अस्वलाने आपला हिवाळ्याचा मध त्याला उसना दिला आणि बजावलं, "भंगार आणलंस तर एकेक काटा उपटीन."

कोल्ह्याने गुहेतलं दुकान उघडताच व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पुढे केला. साळिंदराने गिटार छेडली तशी गुहा गरजली. मधाचं गाडगं पुढे करताना त्याचा हात डब्याला लागला.

"हा गरम कसा रे? दुकान तर आत्ता उघडलंस."

"तुमच्यासाठीच तापवून ठेवलाय, मालक!"

"मग बंद कर. गार झाला की पुन्हा वाजवतो. खोट गारपणीच कळते."

"अहो, पाव गाडगं कमी द्या!"

"गाडगं राहू दे. बंद कर."

गार झालेला डबा पुन्हा लावला, तापू दिला, तर तो म्हाताऱ्या बोक्यासारखा खोकला आणि गप्प झाला. कोल्हा छताकडे बघू लागला.

कोपऱ्यात कोळिष्टकांनी भरलेला दुसरा होता, थंडगार. साळिंदराने तो लावला, तापू दिला आणि तार ओढली, तशी गुहा पुन्हा गरजली. कोल्ह्याची शेपटी ताठ झाली.

"हा बांधून दे."

रेकॉर्डिंग रानभर खपलं. चैत्रात अस्वलाचं मधाचं उसनं फिटलं.